स्की-शिक्षक व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आल्प्समधल्या एका रिसॉर्टवर मी प्रशिक्षण घेतलं, एकदा नापास झाले, पुन्हा परीक्षेला बसले आणि आता काही हंगाम शिकवते आहे. दर वर्षी पहिला बर्फ पडायच्या सुमाराला मला हेच प्रश्न विचारले जातात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

मला स्कीइंग चांगलं येतं. मग आणखी काय शिकायचं?

हळू जायला शिकायचं.

वेग असला की बऱ्याच चुका झाकल्या जातात. शरीर मागे रेललेलं असलं, आतल्या पायावर वजन पडलं, खांदे फेकून वळण घेतलं, तरी वेगाच्या जोरावर वळण पार पडतं. तेच वळण चालण्याच्या वेगात घेऊन बघा. वजन कुठं आहे, कोणती कड बर्फात रुतते आहे, कोणता पाय नुसताच ओढला जातोय, सगळं उघडं पडतं. नवशिका माणूस याच वेगात शिकत असतो. त्याच्यासमोर ते वळण दहा वेळा दाखवायचं असेल तर दहाही वेळा ते सारखं आणि स्वच्छ यायला हवं.

दुसरं शिकायचं ते बघायला. समोरून कुणी घसरत आलं की आपल्याला आधी त्याचे हलणारे हात दिसतात. ट्रेनरला मात्र त्याचे घोटे दिसतात. हात का हलताहेत, तर तोल जातोय म्हणून. तोल का जातोय, तर घोटे ताठ असल्यामुळे वजन टाचांवर गेलंय म्हणून. आणि घोटे ताठ का, तर कदाचित तो घाबरलाय, कदाचित त्याचा बूट एक माप मोठा आहे. हा माग उलटा काढत जाणं हे या कामाचं मर्म आहे आणि त्याला वर्षं लागतात.

सुरुवात करताना किती चांगलं स्कीइंग यायला हवं?

युरोपातल्या निळ्या आणि सोप्या लाल उतारांवर समांतर वळणं घेत, हव्या त्या जागी थांबता येईल इतक्या ताब्यात उतरता आलं पाहिजे. सकाळचा कडक बर्फ आणि दुपारचा उकरलेला मऊ बर्फ, दोन्हींवर. काळा उतार कसाबसा उतरता येतो याला पहिल्या पायरीवर फारसं महत्त्व नाही.

उतारांचे रंग सगळीकडे सारखे नसतात, हेही ध्यानात असू द्या. फ्रान्समध्ये हिरवा, निळा, लाल, काळा अशी चढती श्रेणी आहे. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये सहसा निळ्यापासूनच सुरुवात होते. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा हिरा अशा खुणा असतात आणि लाल रंग नसतोच. त्यामुळे ‘मी निळ्यावर आरामात उतरतो’ असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, कुठल्या निळ्यावर?

वयाची अट असते का?

खालची असते. ब्रिटिश संघटना ‘बासी’ पहिल्या पातळीसाठी किमान १६ वर्षं वय मागते. वरच्या बाजूला अट नाही. माझ्या तुकडीत शाळा नुकती संपवलेली मुलं होती आणि नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थही होते. शिकवण्याच्या परीक्षेत त्यांनाच सर्वांत चांगले गुण मिळाले, कारण समोरचा बोलत असताना ते त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घ्यायचे.

प्रमाणपत्र कोणत्या देशाचं घ्यावं?

नोकरी कुठं करायची ते आधी ठरवा, प्रमाणपत्राचं मग बघा. बरेच जण उलट्या क्रमाने जातात आणि अडकतात.

कॅनडाची संघटना ‘सीएसआयए’ १९३८ पासूनची, अमेरिकेची ‘पीएसआयए’ १९६१ ची आणि ब्रिटनची ‘बासी’ १९६३ ची. कॅनडा आणि ब्रिटनमध्ये चार पातळ्या आहेत, अमेरिकेत तीन. या पद्धतींचा फायदा असा की पहिली पायरी लवकर चढता येते आणि लहान मुलं किंवा नवशिके यांच्यापासून कामाला सुरुवात करता येते.

ऑस्ट्रियात पहिली पायरी ‘आनवेर्टर’, म्हणजे उमेदवार. त्यानंतर ‘लांडेसलेअरर’, म्हणजे राज्य पातळीचा शिक्षक, आणि त्याही वर सरकारमान्य स्की-शिक्षक. तिथे स्की-शाळांचे कायदे प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत, त्यामुळे टिरोलमध्ये जे चालतं ते साल्झबुर्गमध्ये जसंच्या तसं चालेल असं धरून चालू नका. स्वित्झर्लंडमध्ये मुलांना शिकवण्यासाठी वेगळा अभ्यासक्रम आहे आणि सगळ्यांत वर संघराज्याची मान्यता असलेलं व्यावसायिक प्रमाणपत्र. इटलीत १९९१ च्या कायद्याने हा व्यवसाय बांधून दिलेला आहे. आधी प्रांताची निवड-चाचणी, मग किमान ९० दिवसांचं प्रशिक्षण, मग परीक्षा आणि व्यावसायिक नोंदणी.

फ्रान्स सर्वांत कडक. तिथे हा सरकारी डिप्लोमा आहे आणि प्रशिक्षणाचं मुख्य केंद्र म्हणजे शामोनीची राष्ट्रीय स्की आणि गिर्यारोहण संस्था. आधी वेळ लावून घेतलेली स्लॅलमची, म्हणजे रोवलेल्या काठ्यांच्या फाटकांमधून नागमोडी उतरण्याची तांत्रिक चाचणी, मग पूर्वप्रशिक्षण. ते पार केलं की एखाद्या स्की-शाळेत शिकाऊ म्हणून काम करत पुढचे टप्पे गाठायचे. फ्रान्समध्ये उतारांवर लाल जॅकेटांचे जे शिक्षक दिसतात ते ‘एकोल द्यु स्की फ्रांसे’चे. तिथले बहुतेक शिक्षक पगारी नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक म्हणून एकत्र काम करतात. ऑस्ट्रियात याच्या उलट, शिक्षक सहसा शाळेचा नोकर असतो. करार वाचताना हा फरक फार जाणवतो. आजारपण, विमा, कर, सगळं यावरून ठरतं.

एका देशाचं प्रमाणपत्र दुसऱ्या देशात चालतं का?

खालच्या पातळ्यांवर ते बहुधा त्या शाळेवर आणि तिथल्या कायद्यावर अवलंबून असतं. वरच्या पातळ्यांवर आंतरराष्ट्रीय स्की-शिक्षक संघटनेचा, म्हणजे ‘आयएसआयए’चा शिक्का उपयोगी पडतो. वेगवेगळ्या देशांच्या पदव्या एका किमान दर्जाला धरून ओळखल्या जाव्यात यासाठी तो असतो.

युरोपीय संघाने २०१९ मध्ये स्की-शिक्षकांसाठी एक सामाईक चाचणी कायद्यात आणली. तिचे दोन भाग आहेत, एक तांत्रिक, म्हणजेच ‘युरोटेस्ट’, आणि एक सुरक्षिततेचा. दोन्ही पार केलेल्या पूर्ण पदवीधर शिक्षकाला त्या व्यवस्थेतल्या देशांमध्ये काम करणं बरंच सोपं जातं. मात्र ही व्यवस्था सदस्य देशांच्या पदव्यांसाठी आहे. ब्रिटन बाहेर पडल्यावर २०२१ पासून तिथल्या शिक्षकांची आपोआप मिळणारी मान्यता गेली आणि प्रत्येक देशाचे नियम वेगळे तपासायची वेळ त्यांच्यावर आली. म्हणून प्रमाणपत्राइतकाच तुमचा पासपोर्टही महत्त्वाचा, हे सुरुवातीलाच लक्षात घ्या.

‘युरोटेस्ट’ची एवढी धास्ती का घेतात?

कारण तिथे घड्याळ आहे. इतर परीक्षांत परीक्षक तुमचं स्कीइंग बघून मत देतो. इथे जायंट स्लॅलमचा मार्ग लावलेला असतो, आधी अनुभवी स्पर्धक उतरतात आणि त्यांच्या वेळांवरून आधारभूत वेळ काढली जाते. पुरुषांना त्या वेळेपेक्षा जास्तीत जास्त १८ टक्के, तर स्त्रियांना २४ टक्के उशीर चालतो. त्यापेक्षा सेकंदाचा शंभरावा भाग जास्त झाला तरी नापास.

लहानपणापासून फाटकांमधून उतरलेल्यांना हे जमून जातं. मोठेपणी स्की शिकलेल्यांची मात्र यात वर्षं जातात. बर्फातून उरापोटी धावणं आणि शिकवण्याचं कसब यांचा संबंध काय, असा वाद शिक्षकांमध्ये नेहमी चालतो. माझं मत असं की घड्याळ न्याय्य आहे, कारण ते तोंड बघत नाही. पण ही चाचणी सगळ्यांत वरच्या पायरीची आहे. तिच्या भीतीने पहिली पायरीच न चढणं हा स्वतःवर अन्याय आहे. हजारो चांगले शिक्षक तिच्या वाटेला न जाता आयुष्यभर उत्तम शिकवतात.

प्रशिक्षणाला किती दिवस लागतात?

कॅनडाची पहिली पातळी ३ दिवसांची, ब्रिटनची ५ दिवसांची, ऑस्ट्रियाचा उमेदवारीचा अभ्यासक्रम साधारण १० दिवसांचा. हे आकडे ऐकून वाटतं, एवढंच? पण हे दिवस परीक्षेचे आणि अभ्यासक्रमाचे आहेत, तयारीचे नाहीत. स्वतःच्या स्कीइंगमधल्या खोडी मोडायला लागणारे आठवडे त्याच्या आधी जातात. म्हणूनच अनेक जण ८ ते १२ आठवड्यांचा निवासी कार्यक्रम घेतात आणि त्यातच पहिल्या दोन पातळ्या देतात. सर्वांत वरची पदवी मिळवायला मात्र बहुतेकांना कित्येक हंगाम लागतात.

प्रशिक्षणातला एक दिवस कसा असतो?

बूट रात्री वाळवणीच्या जागेत ठेवलेले असतात. पहाटे ते पायात घालणं हीच दिवसाची पहिली कसरत, कारण थंड प्लास्टिक वाकत नाही. लोकांची गर्दी व्हायच्या आधी पहिल्या लिफ्टने वर जायचं. रात्री यंत्रांनी सारवून ठेवलेल्या बर्फावर बारीक रेघा असतात. त्यावर आपल्या स्कीची खूण स्पष्ट उमटते, म्हणून तांत्रिक सराव सकाळीच होतो. वळण कोरलं गेलं की बर्फावर दोन बारीक रेषा राहतात. स्की घसरली की पुसल्यासारखा रुंद पट्टा उमटतो. पहिले काही दिवस आमचे ट्रेनर आमच्याकडे कमी आणि आमच्या मागच्या बर्फाकडे जास्त बघायचे.

मग सराव. एका स्कीवर वळण. काठ्यांशिवाय वळण. बुटांची बकलं सैल सोडून वळण, म्हणजे बुटाच्या टेकूवर रेलायची सवय मोडते. हात कमरेवर. डोळे मिटून पाच मीटर, अर्थात सपाटीवर आणि कुणीतरी सोबत असताना. दुपारी बर्फ उकरला गेला की मोगल, म्हणजे बर्फाचे उंचवटे.

दिवसातला काही वेळ एखाद्या शिक्षकाच्या वर्गात मागे उभं राहून बघायचं. याला ‘शॅडोइंग’ म्हणतात. तुम्ही पडलेल्या मुलांना उचलता, हातमोजे शोधता, कुणाचा चष्मा पुसता. हे हलकं काम समजू नका. मुलांना लिफ्टवर कोणत्या क्रमाने बसवायचं, वर्ग कुठं थांबवायचा म्हणजे मागून येणाऱ्यांना दिसेल, सूर्य कुणाच्या डोळ्यांवर येऊ द्यायचा (शिक्षकाच्या, विद्यार्थ्यांच्या नाही), हे पुस्तकात वाचून हाडात उतरत नाही.

संध्याकाळी व्हिडिओ. स्वतःला उतरताना पहिल्यांदा बघणं जड जातं. मनात आपण जेवढे वाकलेले असतो त्याच्या निम्मेही पडद्यावर नसतो.

तंत्र म्हणून नेमकं काय शिकवतात?

नावं संघटनेगणिक बदलतात, पण गाभा तोच. तोल, स्कीची कड, दाब आणि पायांचं फिरणं. उतारावर उभं राहिल्यावर पाणी ज्या वाटेने ओघळेल ती रेषा ओळखायची. वळण म्हणजे त्या रेषेकडे तोंड करणं, ती ओलांडणं आणि पुन्हा तिला आडवं होणं. या प्रवासात वजन बाहेरच्या स्कीवर गेलं पाहिजे, कारण वेगाने शरीर बाहेर फेकलं जातं आणि ती ओढ पेलायला तीच स्की असते. नवशिक्याला हे पटत नाही. वळणाच्या आत, डोंगराकडे झुकलं की सुरक्षित वाटतं. पण डोंगराकडे झुकला की बाहेरची स्की हलकी होते आणि तो पडतो. म्हणजे मनातली जी ऊर्मी वाचवेल असं वाटतं, तीच पाडते.

याला मोठा इतिहास आहे. मातियास त्स्दार्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातल्या लिलिएनफेल्डला उभ्या उतारांसाठी तंत्र मांडलं. हानेस श्नायडर यांनी १९०७ मध्ये ऑस्ट्रियातल्याच सांक्ट आंटोनला शिकवायला सुरुवात केली आणि १९२१ मध्ये तिथे स्की-शाळा काढली. त्यांची आर्लबर्ग पद्धत जगभर गेली. पाचरीपासून (ती काय ते पुढे सांगते) टप्प्याटप्प्याने वर नेणं आणि येणाऱ्या माणसांचे कौशल्यानुसार गट पाडणं, हे त्यांचं देणं आजही रोज सकाळी प्रत्येक स्की-शाळेच्या अंगणात दिसतं. नाझींनी त्यांना १९३८ मध्ये अटक केली आणि पुढच्या वर्षी ते अमेरिकेत गेले. त्यामुळे त्यांची पद्धत तिकडेही रुजली. पुढे देशोदेशींच्या पद्धतींत बरीच चुरस झाली. १९५१ पासून भरणाऱ्या ‘इंटरस्की’ परिषदेत देशांचे संघ आपापली पद्धत उतारावर दाखवतात. १९९० च्या दशकात मध्ये बारीक आणि टोकांना रुंद अशा कार्व्हिंग स्की आल्या आणि वळण शिकवण्याचे बरेच जुने टप्पे आखूड झाले. पाचर मात्र टिकली.

पाचर तर पहिल्या दिवशीच शिकतात. तिची परीक्षा कसली?

मी याच परीक्षेत नापास झाले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाचर म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या दूर, ‘व्ही’सारखी रचना. मुलांच्या वर्गात तिला जगभर ‘पिझ्झा’ म्हणतात. ती धरली की वेग कमी होतो. एका स्कीवर जास्त वजन दिलं की वळण होतं. एवढंच. पण मी गुडघे आत ओढून, कडा खोल रुतवून, मांड्या थरथरेपर्यंत जोर लावून ती करत होते. परीक्षकांनी माझ्यामागून उतरणाऱ्या दोन नवशिक्यांकडे बोट दाखवलं. दोघांचेही गुडघे आत ओढलेले, दोघांच्याही मांड्या थरथरत होत्या. मी जे तोंडाने सांगितलं ते त्यांनी केलं नव्हतं. मी जे करून दाखवलं ते त्यांनी केलं होतं.

चांगली पाचर सैल असते. पाय लांब, घोटे मऊ, स्की जवळजवळ सपाट, आणि ब्रेक मारण्यापेक्षा वळण पूर्ण करून वेग संपवायचा. पाचरीत ज्याला वळणाने वेग आवरता आला, त्याच्या स्की पुढे आपोआप समांतर होतात. ज्याला नुसतं दाबून थांबायची सवय लागली, तो कित्येक वर्षं उभ्या उतारावर तसाच दाबत राहतो. म्हणजे पहिल्या तासात शिक्षकाने काय दाखवलं, यावर त्या माणसाची पुढची वर्षं ठरतात.

दुसऱ्या खेपेला मी आठ दिवस फक्त पाचर केली. मग पास झाले.

घाबरलेल्या माणसाला कसं शिकवायचं?

सर्वांत आधी, ‘घाबरू नका’ हे शब्द वापरायचे नाहीत. तो घाबरलेला आहेच आणि आता त्याला त्याची लाजही वाटू लागते.

भीती शरीरात दिसते. नजर स्कीच्या टोकांवर खिळते, श्वास अडकतो, घोटे ताठ होतात, माणूस मागे बसतो. मागे बसला की स्की वळत नाहीत, वळल्या नाहीत की वेग वाढतो, आणि भीती खरी ठरते. हे चक्र तोंडी उपदेशाने तुटत नाही. जागा बदलावी लागते. सोप्या उतारावर परत जायचं आणि तेही त्याला माघार वाटणार नाही अशा रीतीने. ‘तिकडचा बर्फ आता जास्त चांगला आहे’ हे बहुतेक वेळा खरंही असतं.

उतार मोठा वाटत असेल तर त्याचे तुकडे करा. खालपर्यंत बघायचंच नाही, त्या खांबापर्यंत जायचं. तिथे थांबायचं. मग पुढचा खांब. मी समोर उलटी होऊन, त्याच्याकडे तोंड करून, मागे मागे घसरत जाते. त्याला उतार दिसत नाही, मी दिसते. श्वास मोजायला किंवा मोठ्याने काही म्हणायला लावते, कारण बोलणाऱ्या माणसाचा श्वास अडकत नाही. आणि आडवं घसरत उतरणं, म्हणजे ‘साइडस्लिप’, पहिल्या दोन दिवसांत शिकवतेच. कुठल्याही उतारावरून खाली यायची एक खात्रीची वाट आपल्याजवळ आहे हे कळलं की माणसाचा चेहरा बदलतो.

प्रशिक्षणात यावर हवा तेवढा वेळ दिला जात नाही, ही माझी खरी तक्रार आहे. कडा आणि दाब यांवर तास होतात, भीतीवर एक व्याख्यान. माझ्याकडे येणाऱ्या प्रौढांची अडचण मात्र दहातल्या सात-आठ वेळा भीतीचीच असते.

लहान मुलांना शिकवणं सोपं असतं ना?

नाही. वेगळं असतं. चार वर्षांच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, पायांत ताकद कमी असते, त्यामुळे ते थोडं मागे बसूनच घसरतं. त्याला प्रौढांसारखं पुढे झुकायला लावणं व्यर्थ आहे. सूचना एका वेळी एकच, आणि तीही खेळातून. त्याला लघवीला जायचंय का हे त्याच्या आधी तुम्हाला कळलं पाहिजे. फ्रान्समध्ये मुलांच्या पातळ्यांना ‘उर्सों’ म्हणजे अस्वलाचं पिल्लू, ‘फ्लोकों’ म्हणजे हिमकण आणि मग तारे अशी नावं आहेत. त्या बिल्ल्यासाठी मुलं काय काय करतात ते बघण्यासारखं असतं.

चेअरलिफ्टवर मात्र खेळ नाही. कोण कुणाशेजारी बसेल, दांडा कोण खाली घेईल, टोकं वर कधी करायची, हे जमिनीवर सराव करून मगच बसायचं.

सुरक्षिततेचं काय शिकवतात?

पहिल्या पायरीवर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम. १९६७ पासूनचे हे नियम अपघातानंतरच्या खटल्यांतही पुढे येतात. गाभा साधा आहे: वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं, कारण खालच्याला पाठीमागचं दिसत नाही. थांबायचं ते कडेला, आणि वरून दिसेल अशा जागी. वर्ग घेऊन उभं राहताना मी अजूनही प्रत्येक वेळी मागे वळून वर बघते.

वरच्या पायऱ्यांवर हिमस्खलनाचा अभ्यास येतो, आणि तो गांभीर्याने करा. युरोपात १९९३ पासून धोक्याची पाच पातळ्यांची श्रेणी आहे. लोक पाचव्या पातळीला घाबरतात, पण मृत्यूंचा मोठा वाटा तिसऱ्या पातळीच्या दिवसांत पडतो. पाचव्या पातळीला बहुतेक उतार बंद असतात आणि माणसं घरात असतात. तिसऱ्याला ऊन पडलेलं असतं, ताजा बर्फ असतो आणि मोह असतो. थराच्या थर सुटून येणारी स्खलनं प्रामुख्याने ३० अंशांहून उभ्या उतारांवर होतात, म्हणून नकाशावरून उताराचा कोन वाचता यायला हवा.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा संकेत पकडणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) या तीन वस्तू एकत्रच न्यायच्या. ट्रान्सीव्हर सगळीकडे ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, म्हणजे कुणाचंही यंत्र कुणालाही शोधू शकतं. गाडलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर वेगाने ढासळते. हेलिकॉप्टर सहसा त्याच्या आत पोचत नाही. त्याला बाहेर काढणारे तुम्ही आणि तुमचा गटच. म्हणून शोधाचा सराव कंटाळा येईपर्यंत करा आणि मग आणखी करा.

शरीराची तयारी कशी करावी? दुखापती किती होतात?

मांड्या, कुल्हे, पोटाचे स्नायू आणि एका पायावरचा तोल, हे हंगामाच्या तीन महिने आधीपासून. शिक्षकाला दिवसभर वेगाने उतरायचं नसतं. त्याला दिवसभर वाकायचं असतं, पडलेल्यांना उचलायचं असतं आणि थंडीत उभं राहायचं असतं.

बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडताना सुटणाऱ्या पकडीमुळे, म्हणजे बाइंडिंगमुळे, नडगीचं हाड मोडण्याचं प्रमाण पूर्वीपेक्षा खूप उतरलं. गुडघ्यातल्या क्रूशिएट लिगामेंटला (सांधा बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधाला) मात्र बाइंडिंग तितकं वाचवत नाही. मागे पडताना खालच्या स्कीची शेपूट बर्फात रुतून गुडघा पिळला जातो तेव्हा ते बऱ्याचदा सुटत नाही. पडायला लागलात तर उठायची धडपड करू नका, स्की थांबेपर्यंत पडू द्या. आणि हात काठीच्या पट्ट्यात अडकवून पडलात तर अंगठ्याचा सांधा जातो.

उन्हाला कमी लेखू नका. दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हनुवटीखालीही क्रीम लावा.

साहित्य काय घ्यावं?

पैसे आधी बुटांवर घाला. जाणकार बूट-फिटरकडून, दुपारनंतर, पाय किंचित सुजलेले असताना माप द्या. घट्ट बूट नवीन असताना त्रास देतो, सैल बूट कायम त्रास देतो. स्की एकच घ्यायची तर तयार उतारांसाठीची, मध्यम वळणाची घ्या. बाइंडिंगचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीइंगची शैली यांवरून ठरतो. तो मित्राचं बघून बदलू नका.

भाषा किती यायला हवी?

जिथे शिकवणार तिथली भाषा वर्ग घेण्याइतकी, आणि त्याशिवाय आणखी एक. ‘वजन बाहेरच्या पायावर’, ‘थांबा’, ‘माझ्या मागे या’, ‘कुठं दुखतंय?’ ही वाक्यं घाबरलेल्या मुलाला त्याच्या भाषेत सांगता आली पाहिजेत. ज्यांना दोन-तीन भाषा येतात त्यांना शाळा हातचं सोडत नाहीत.

यावर पोट भरतं का?

हंगामात भरतं, वर्षभराचं गणित वेगळं मांडावं लागतं. बऱ्याच ठिकाणी पैसे शिकवलेल्या तासांचे मिळतात. शाळांच्या सुट्ट्यांत श्वास घ्यायला फुरसत नसते आणि जानेवारीत एखादा आठवडा रिकामा जातो. करार करताना किमान तासांची हमी आहे का, राहायची सोय कुणाची, लिफ्टचा पास आणि विमा कुणाकडे, हे लेखी विचारा. डोंगरातून सुटका करण्याचा खर्च विम्यात आहे ना, हेही.

काही जण डिसेंबर ते एप्रिल उत्तर गोलार्धात आणि जून ते ऑक्टोबर न्यूझीलंड, चिली किंवा अर्जेंटिनात शिकवतात. दोन हिवाळ्यांची ही वर्षं शिकण्यासाठी फार मोलाची. मात्र पाचेक वर्षं सलग केली की गुडघे जाब विचारू लागतात.

नापास झालं तर?

पुन्हा बसायचं. बहुतेक पद्धतींत ज्या भागात कमी पडलात तोच परत देता येतो. परीक्षकाकडून लेखी शेरा मागून घ्या आणि त्यावर तारीख घाला. सहा महिन्यांनी वाचाल तेव्हा त्यातलं अर्धं तुम्हाला तेव्हा कळलंच नव्हतं असं दिसेल.

आज, बर्फ नसताना, काय करता येईल?

एखाद्याला असं काहीतरी शिकवा जे तुम्हाला सहज येतं आणि त्याला अजिबात येत नाही. सायकल, पोहणं, काहीही. तुम्ही किती बोललात आणि त्याने किती वेळा करून पाहिलं ते मोजा. माझ्या पहिल्या ट्रेनरनी हेच सांगितलं होतं. मी शेजारच्या मुलीला सायकल शिकवायला घेतली, पहिल्या दहा मिनिटांत सात मिनिटं मीच बोलत होते आणि ती पेडलवर पाय ठेवून वाट बघत होती.